संकटाआधी लिहायचा कागद

घरात स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांग माणूस असेल तर हे वाचाच. शेजारी असेल तरीही वाचा.

शांत असलेला मुलगा एकाएकी डोकं आपटू लागतो, हाताला चावतो, रात्र रात्र झोपत नाही. कुणी म्हणतं हट्ट आहे, कुणी दृष्ट काढायला सांगतं, दवाखान्यातही ऐकावं लागतं की अशा मुलांचं असंच असतं. या उत्तरावर परत फिरू नका. वागणं अचानक बदललं असेल तर आधी शरीर तपासून घ्या. दाढ ठणकत असेल, कान दुखत असेल, चार दिवस पोट साफ झालं नसेल, पाळीचा त्रास असेल. ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं वागण्यातूनच बाहेर पडतं. कुणी मारतंय का, नको तिथे हात लावतंय का, हेही बघा. आणि घरात काय बदललं ते आठवा. आजी गेली, ताई सासरी गेली, अठरा पूर्ण झाली आणि शाळा सुटली. ‘त्याला काय कळतंय’ म्हणून मृत्यू लपवू नका. आजी दिसत नाही, हे त्याला रोज कळत असतं.

तो उसळलेला असताना समजावू नका. टीव्ही बंद करा, माणसं बाहेर काढा, मोबाइलवर चित्रण करणाऱ्याला थांबवा. बोलायचंच तर दोन शब्द, हळू आवाजात. रस्ता, खिडकी, आग असा धोका असेल तरच धरा. बांधू तर कधीच नका.

स्वमग्न माणसांमध्ये आत्महत्येचे विचार इतरांपेक्षा जास्त आढळतात आणि ते चेहऱ्यावर दिसतीलच असं नाही. शंका आली तर सरळ विचारा, ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. गोळ्या, कीटकनाशक कुलपात ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. जिवाला धोका असेल तर १०८ किंवा ११२. प्रयत्न झाला असेल तर पोलिसांच्या भीतीने घरात दडवू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली असल्याचं धरून चालतो आणि तिची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवतो.

आता कागदाचं. इंग्लंडमध्ये २०१६ साली ऑलिव्हर मॅकगोवन हा अठरा वर्षांचा स्वमग्न मुलगा आकडीसाठी रुग्णालयात दाखल झाला. मनोविकारावरची अमुक प्रकारची औषधं सोसत नाहीत, असं त्याने आणि आईवडिलांनी सांगितलं होतं. तरी तसं औषध दिलं गेलं, आणि तो गेला. पुढे २०२२ च्या कायद्याने तिथे आरोग्य कर्मचाऱ्यांना स्वमग्नता आणि बौद्धिक दिव्यांगत्व या विषयांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. म्हणून नुसतं तोंडी सांगून भागत नाही. चालू औषधं, न चालणारी औषधं, आकडी येते का, दुखलं की तो काय करतो, ‘हो’ आणि ‘नाही’ कसं दाखवतो, कशाने घाबरतो, कशाने निवतो, हे सगळं एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. त्याला सांगता येत असेल तर त्यालाच विचारून लिहा. कागद देऊन बाजूला होऊ नका. त्याच्यापाशी थांबा, प्रत्येक नव्या डॉक्टरला पुन्हा सांगा.

तुम्ही घरी नसताना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर सोबत कोण जाईल, तेही ठरवा आणि एक प्रत त्या माणसाकडे द्या. हा कागद याच आठवड्यात लिहून काढा.