ग्रहण कुणाला लागले?

आईची माया आपोआप उपजते, असे आपण निबंधात लिहितो. मीही दहावीला लिहिले आणि गुण मिळवले. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये वहिनीचे दुसरे बाळंतपण झाले आणि माझा निबंध मलाच खोटा वाटू लागला.

मुलाचा ओठ दुभंगलेला, टाळूलाही फट. तो दूध ओढू पाही, सोडी, रडे. घोटभर गेलेले नाकातून बाहेर येई. वहिनी भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "त्यालाच मी नको आहे." बाहेर ओटीवर आयाबायांचा निकाल लागला होता: दिवाळीतल्या ग्रहणात हिने विळी हातात धरली!

हिशेबच करायचा तर नीट करू. ते सूर्यग्रहण २५ ऑक्टोबर २०२२ चे. वहिनीला तेव्हा सहावा महिना होता. ओठ आणि टाळू तर पोटात पहिल्या तीन महिन्यांतच जुळतात. शिवाय ग्रहण साऱ्या मुळशी तालुक्याला लागले होते, एकट्या आमच्या घराला नव्हे. पण हे तेव्हा कुणाला ठाऊक होते? घरातून कॉलेजात पोचलेली मी पहिलीच, आणि तेव्हा मीही अकरावीत होते.

आठव्या दिवशी आशाताई आल्या. म्हणाल्या, "टाळूला फट असली की बाळाला ओढता येत नाही. त्याला तू नको आहेस असं नाही गं, त्याला जमत नाही." त्यांनी दूध काढून द्यायला, बाळाला उभे धरायला, मधूनमधून ढेकर काढायला शिकवले. ग्रहणाचा ठपका ठेवण्यात पुढे असलेल्या आजीनेच फळीवरचे जुने बोंडले काढून उकळून दिले. (आजीचे कोडे मला अजून उलगडलेले नाही.) त्या रात्री पोर पोटभर पिऊन निजले. वहिनी कंदिलासारखा दिवा जवळ ओढून कितीतरी वेळ त्याचे तोंड पाहत बसली.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यात अशा मुलांची तपासणी होते, उपचार मोफत होतात. ओठ काही महिन्यांनी शिवतात, टाळू वर्षाच्या आसपास. हे सारे चांगलेच आहे. माझी तक्रार पहिल्या आठ दिवसांची आहे. बाळंतपण झाले तिथे बाळाला पाजायचे कसे हे कुणी सांगितले नाही. शस्त्रक्रिया थांबू शकते, भूक थांबत नाही, आणि उपाशी बाळापुढे आई स्वतःला गुन्हेगार समजू लागते. मग माया नाही म्हणून तिला बोल लावायचा आपल्याला काय अधिकार?

आता तो अंगणवाडीत जातो. मला 'आत्या' म्हणताना 'आन्या' म्हणतो, शब्द नाकातून येतो. बाईंना त्याचे बोलणे निम्मेच कळते. उरलेले वहिनी दारात उभी राहून सांगते.