भेंडीवरील केवडा : पहिले झाड वेळीच उपटा

पुण्याच्या सदाशिव पेठेत गच्चीवरील कुंडीत भेंडी लावणाऱ्या गृहिणीपासून जिल्ह्यातील बागायतदारापर्यंत अनेकांना एक दृश्य परिचित आहे. भेंडीच्या पानाच्या शिरा प्रथम पिवळ्या पडतात, पुढे सारे पान पिवळे होते आणि फळे फिकट, लहान व निबर राहतात. हाच केवडा रोग होय. पान पिवळे दिसताच युरिया टाकावा किंवा बुरशीनाशक फवारावे, ही रीत मात्र चुकीची आहे. तीत पैसा जातोच, शिवाय त्याहून मोलाचा वेळ जातो.

या रोगाचा अभ्यास पुण्याला नवा नाही. 1924 साली जी. एस. कुलकर्णी यांनी पुणे कृषि महाविद्यालयाच्या नियतकालिकात त्याची नोंद केली. 1940 साली उप्पल, वर्मा व कपूर यांनी तो विषाणुजन्य असल्याचे मांडले. विषाणू पेशीत शिरून तिच्याच साधनांवर वाढतो. म्हणून विषाणू मरावा व झाड वाचावे असे औषध शेतकऱ्याच्या हाती नाही. रोगाचा प्रसार पांढरी माशी करते. रोगट झाडाचा रस शोषून ती निरोगी झाडावर बसली की रोग तेथे पोहोचतो. लागण जितकी लवकर, तितकी हानी अधिक. ती 50 ते 94 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

तेव्हा खरा उपाय पहिले रोगट झाड दिसताच ते उपटून नष्ट करणे हाच होय. ‘अजून चार तोडे मिळतील’ म्हणून ते राखण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु त्या तोड्यांची किंमत शेजारच्या ओळी देतात. निम्मे शेत पिवळे पडल्यावर मात्र उपटण्याचा फारसा उपयोग उरत नाही.

रोगप्रतिकारक वाण लावणे इष्टच आहे. परभणीच्या कृषि विद्यापीठाने रानटी जातीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हा वाण दिला. तथापि केवळ वाणावर विसंबणे धोक्याचे होय. एके काळी केवड्यास दाद न देणारा ‘पुसा सावनी’ पुढे त्याच रोगास बळी पडला. त्याचप्रमाणे एकच कीटकनाशक वारंवार फवारल्यास माशी त्याला सरावते. म्हणून औषधांत शिफारशीप्रमाणे बदल करावा, पिवळे चिकट सापळे लावावेत व बांधावरील तण काढावे.

पेरणीनंतरचे पहिले दोन महिने दर आठवड्यास शेतातून एक फेरी मारणे फारसे खर्चाचे नाही. माशीला बांध कळत नाही. म्हणून ही फेरी एकाच शेतकऱ्याने मारून भागणार नाही. गच्चीवरील कुंडीतले एक झाड उपटणे सोपे आहे. सबंध शिवारात तेच साधायचे, तर गावाने मिळून शिस्त पाळली पाहिजे.