‘अफगाणी’ नावाची भुरळ

आजकाल नववी-दहावीच्या मुलांच्या तोंडी ‘कुश’, ‘अफगाणी’, ‘इंडिका’ असे शब्द येतात. रॅपच्या गाण्यांतून येतात, रील्समधून येतात. ‘सर, ती क्लासिक जात आहे, नॅचरल आहे, केमिकल नाही,’ असं एका मुलाने मला समजावून सांगितलं. बासमतीच्या जुन्या वाणाबद्दल बोलावं तसं. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, वनस्पतिशास्त्र नाही. पण जिथे शब्दांची लबाडी चालते तिथे भाषेच्या मास्तराने गप्प बसू नये असं मला वाटतं.

आधी ‘इंडिका’ घ्या. १७८५ साली लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे नाव दिलं ते भारतातल्या झाडाला. अफगाणिस्तानातलं बुटकं, रुंद पानांचं झाड वेगळं. रशियाच्या वाविलोव्हने १९२९ मध्ये त्याचं वर्णन ‘अफगाणिका’ म्हणून केलं. आज बाजारात ‘इंडिका’ म्हणून विकतात ते बहुधा या अफगाणी झाडाच्या वंशातलं, म्हणजे पाटीवरचं नावच उसनं आहे.

हे झाड हिंदुकुशच्या आणि मझार-ए-शरीफच्या कोरड्या थंड मुलखातलं. तिथे हिवाळा लवकर येतो, म्हणून ते लवकर फुलतं. फुलांवर राळ भरपूर धरते. मलाणात ओल्या फुलांवर हात चोळून चरस काढतात. अफगाणिस्तानात झाड वाळवून, झाडून, चाळणीतून राळ गाळतात. (उर्दूत चरस म्हणजे विहिरीवरची चामड्याची मोटही. नशेचा माल चामड्याच्या पिशवीत बांधत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात.) संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या पाहणीत तिथे हेक्टरी १४५ किलो राळ निघत असल्याचं आढळलं, मोरोक्कोत तेव्हा सुमारे ४० किलो निघत होती. या पिकातून शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं, ते अफगाणिस्तानची हालत पाहून समजा. २०२३ मध्ये तालिबाननेही या लागवडीवर बंदी घातली. इकडे मात्र ‘अफगाणी’ शब्दाला रुबाब आहे.

खरी फसवणूक पुढे आहे. १९७० च्या दशकात हिप्पी लोकांनी हे बी पश्चिमेत नेलं. कॅलिफोर्नियात कोलंबियाच्या आणि मेक्सिकोच्या झाडांशी त्याचा संकर करून ‘स्कंक’ तयार झालं, ते पुढे हॉलंडमध्ये गेलं, आणि मग बंद खोल्यांत, दिव्यांखाली, पिढ्यान्‌पिढ्या निवड होत राहिली. निवड कशाची? टीएचसीची, म्हणजे डोक्यात चढणाऱ्या द्रव्याची. जुन्या अफगाणी चरसमध्ये टीएचसीसोबत सीबीडी नावाचं दुसरं द्रव्यही बऱ्यापैकी असे, ते टीएचसीचा काही परिणाम बोथट करतं असं अनेक संशोधक मानतात. नव्या वाणांतून ते जवळजवळ हद्दपार झालं. मग यात नॅचरल काय राहिलं? ज्याला ‘क्लासिक’ म्हणून मिरवता, ते चाळीस-पन्नास वर्षांत माणसाने जाणूनबुजून कडक केलेलं रोप आहे.

परिणामांबद्दल सांगताना मी भीती दाखवणार नाही. ओढणारा प्रत्येक जण वेडा होत नाही. असं खोटं सांगितलं की मुलं आपलं खरंही ऐकत नाहीत. पण युरोपातल्या आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणी झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कडक वाण, म्हणजे टीएचसी १० टक्के किंवा त्याहून जास्त असलेलं, रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा जवळपास पाचपट आढळली. कोवळ्या वयात सुरुवात झाली तर धोका आणखी वाढतो. भास होणं, सगळे आपल्यावर टपलेत असं वाटणं, अभ्यासातून मन उडणं, याला मोहल्ल्यात ‘नजर लागली’ म्हणतात आणि मुलाला दर्ग्यावर नेतात. डॉक्टरकडे न्यायला महिने जातात.

आता आपल्या घरातलं बोलू. दारूचं नाव निघालं की आपला आवाज चढतो. गांजाचं निघालं की कुणीतरी हळूच म्हणतं, ‘कुराणात शराब आहे, गांजा कुठे आहे? ती तर बूटी आहे.’ हा युक्तिवाद सातशे वर्षं जुना आहे आणि त्याचं उत्तरही तेवढंच जुनं. ‘खम्र’ हा शब्द झाकणे या धातूतून येतो. डोकं झाकणारी ओढणी ती ‘खिमार’, अक्कल झाकणारी ती ‘खम्र’. द्राक्षाचं असो की पानाचं, अक्कल झाकली जाते की नाही हा सवाल आहे. फकीहांमध्ये मतभेद झाले ते शिक्षा किती यावर. इब्न तैमिया सर्वांत कडक, इतर जरा सौम्य. नशेसाठी चालेल असं म्हणणारा मान्यवर फकीह मला तरी वाचनात भेटला नाही. औषध म्हणून गरज पडली तर गोष्ट वेगळी, आणि ती डॉक्टर ठरवतो, गल्लीतला पोरगा नाही.

पण नुसतं ‘हराम’ म्हणून हात झटकणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. मुलगा व्यसनात अडकला की घर गप्प होतं. बहिणीच्या रिश्त्याची काळजी, जमातीत नाव जाईल याची काळजी. खरी भीती असते पोलिसांची, आणि ती अनाठायी नाही. आपला १९८५ चा कायदाही अजब आहे: भांगेच्या नुसत्या पानाला तो हात लावत नाही, पण १०० ग्रॅमच्या वर चरस सापडली तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या पोराचं आडनाव पाहून बातमीचा मथळा किती मोठा होतो, हेही आपण जाणतो. ‘अफगाणी’ शब्द त्या मथळ्यात अलगद बसतो.

मात्र त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. ही गोष्ट मी जुम्म्याच्या एकाही खुत्ब्यात ऐकलेली नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत गांजा, भांग, चरस यांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख लोक निघाले. ते सगळे दुसऱ्यांच्या मोहल्ल्यात राहतात काय? मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळा असतात, जनाज्याची खबर असते. त्याच फलकावर व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर, १४४४६, लिहायला खडूचे किती पैसे लागतात ते विश्वस्तांनी मला सांगावं, मी देतो.