नांव सैतानाचें, काम मोहरीचें

गेल्या महिन्यांत अमेरिकेंतील एका वाचक-भगिनीचें पत्र आलें. त्या लिहितात : "ईस्टरच्या सुमारास शेजारच्या कुटुंबांनीं सहभोजन योजिलें आहे. प्रत्येकीनें एकेक पदार्थ न्यावयाचा. माझ्या वांट्यास 'डेव्हिल्ड एग्ज' आलीं आहेत. तीं कशीं करावयाचीं हें मला ठाऊक नाहीं. शिवाय सासूबाई सहा महिन्यांसाठीं आमच्याकडे आल्या आहेत आणि त्या अंड्याला शिवत नाहींत. दुपारीं त्या निजल्या असतां गुपचूप करून भांडीं धुऊन ठेवलीं, तर चालेल का?"

पत्रांत प्रश्न दोन आहेत : एक पाककृतीचा, दुसरा गृहनीतीचा. पहिल्याचें उत्तर सोपें आहे, म्हणून आधीं तें देतें.

'डेव्हिल' म्हणजे सैतान. परंतु या नांवानें बिचकून जाण्याचें कारण नाहीं. तिखट, झणझणीत मसाला घातलेल्या पदार्थास इंग्रजींत अठराव्या शतकापासून हें विशेषण लावीत आले आहेत. अमेरिकेंतील कांहीं धर्मशील मंडळींना मात्र चर्चच्या भोजनांत सैतानाचें नांव रुचत नाहीं. ते याच पदार्थास 'भरलेलीं अंडीं' म्हणतात. आपल्याकडे भरलीं वांगीं, तशीं हीं भरलीं अंडीं. ईस्टरला रंगविण्यासाठीं घरोघरीं अंडीं उकडतात, त्यामुळें त्या सणाशीं या पदार्थाचें नातें विशेष जडलें. अंडीं घरंगळूं नयेत म्हणून लहान लहान खळगे पाडलेलीं खास ताटेंही तिकडे मिळतात.

बारा फोडींस सहा अंडीं पुरेत. तीं अगदीं ताजीं नसावींत. आठ-दहा दिवस थंड कपाटांत राहिलेलीं बरीं. ताज्या अंड्याचें कवच पांढऱ्या भागाला चिकटून बसतें आणि सोलतांना त्याचे लचके निघतात. दिवस जातात तसतसा कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून आंतला कर्बवायु निघून जातो, पांढऱ्या भागाची अल्कता वाढते व चिकटण्याची खोड कमी होते.

पातेल्यांत पाणी आधीं उकळूं द्यावें आणि मग झाऱ्यानें एकेक अंडें अलगद आंत सोडावें. गार पाण्यांत घालून तापविण्यापेक्षां असें केल्यानें कवच लवकर सुटतें. पहिलीं दोन मिनिटें पाणी हलक्या हातानें ढवळीत राहावें, म्हणजे पिवळा बलक सहसा मधोमध राहतो. मंद उकळीवर अकरा-बारा मिनिटें झालीं कीं अंडीं काढून लागलींच बर्फाच्या पाण्यांत टाकावीं. येथें आळस करूं नये. अंडें फार वेळ तापलें, तर पांढऱ्या भागांतील गंधक व बलकांतील लोह यांचा संयोग होऊन बलकाभोंवतीं हिरवट-काळसर कडें उमटतें. तें अपायकारक नसतें; परंतु पाहुण्यांपुढें ठेवतांना करणारणीची मान खालीं जाते!

पंधरा मिनिटांनीं अंडें रुंद टोंकाकडे ठोकावें, कारण तेथें हवेची पोकळी असते, आणि पाण्याखालीं धरून सोलावें. ओल्या, पातळ सुरीनें उभे दोन भाग करावे व प्रत्येक कापानंतर सुरी पुसावी. बलक काढून चाळणींतून दाबून घ्यावा, म्हणजे गुठळी राहत नाहीं.

आतां या पदार्थांतला खरा सैतान. तो म्हणजे मोहरी. आणि ती कशी चढवावी हें मराठी गृहिणीला कोणी परक्यानें शिकवावयास नको. मोहरीच्या दाण्यांत तिखटपणा तयार नसतो. त्याचीं दोन द्रव्यें निरनिराळ्या पेशींत अलग असतात. दाणा फुटून पाणी लागलें कीं तीं एकत्र येतात व झणका उत्पन्न होतो. म्हणूनच लोणच्याची मोहरी आपण पाणी घालून फेसतों. पाणी मात्र गारच हवें. कढत पाण्यानें हें कार्य घडविणारें द्रव्य मरून जातें. आंबटही आरंभीं घालूं नये, कारण त्यानें झणका चढण्याचें थांबतें. एक चमचा पिवळ्या मोहरीची पूड चमचाभर गार पाण्यांत कालवून दहा मिनिटें झांकून ठेवावी. आपली काळी मोहरी अधिक उग्र, ती अर्धा चमचा बस्स होते.

मोहरी चढली कीं तींत एक चमचा शिर्का, तीन मोठे चमचे मेयोनेझ, मीठ व मिऱ्याची पूड मिसळावी आणि हें सर्व बलकांत घालून लोण्यासारखें मऊ होईपर्यंत घोटावें. थंड पदार्थाची चव जिभेला फिकी लागते, म्हणून मिश्रण किंचित् चढें ठेवावें. चमच्यानें, किंवा जाड कागदाच्या पुड्याचें टोंक कापून त्यांतून, खळगे भरावे. वरून पाप्रिका, म्हणजे तिकडील सौम्य लाल मिरचीची पूड, नुसती रंगापुरती भुरभुरावी. काश्मिरी मिरचीनेंही काम भागतें.

सावधगिरीचे दोन शब्द. मेयोनेझ घरीं केलें तर त्यांत कच्चा बलक असतो. तें मुलें, वृद्ध व गर्भवती यांना देऊं नये. तयार आणावयाचें तर तें पाश्चरीकृत अंड्यांचें आहे ना, हें बाटलीवर पाहावें. आणि भरलेलीं अंडीं थंड कपाटाबाहेर दोन तासांपेक्षां अधिक ठेवूं नयेत. कडक उन्हांत तर एकच तास.

आतां दुसरा प्रश्न. त्याचें उत्तर माझ्या घरांत घडलेल्या एका प्रसंगानें देतें.

चाळीस वर्षांपूर्वीं माझा थोरला मुलगा विषमज्वरांतून उठला होता. अंगावर मांस राहिलें नव्हतें. डॉक्टरांनीं त्याला रोज एक अंडें देण्यास सांगितलें. आमच्या घरीं तोंवर अंडें आलें नव्हतें. सासूबाईंना विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं. त्या देवळांत गेल्या कीं मी मागल्या पडवींत स्टोव्ह पेटवीत असें आणि टरफलें वर्तमानपत्रांत गुंडाळून दूर टाकीत असें. आठ दिवस हें निभावलें. नवव्या दिवशीं एका कावळ्यानें तें पुडकें फोडलें आणि नेमकें एक टरफल तुळशीवृंदावनापाशीं आणून टाकलें.

सासूबाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "अगं, अंडं घरात आलं त्याचं मला एवढं नाही. मला चोरून आलं, ह्याचं वाईट वाटलं. नातवापेक्षा मला सोवळं मोठं, असं वाटलं होय तुला?"

त्या दिवशीं त्यांनीं एक जुनें पातेलें व एक चमचा स्वतः निराळा काढून दिला. अंड्याला त्यांनीं शेवटपर्यंत हात लावला नाहीं. पण पुढें एकदां मी अंड्यांसाठीं मोहरी फेसूं लागलें, तेव्हां दारांतूनच त्यांचा आवाज आला : "अजून फेस. नाकात गेली नाही माझ्या!"

तेव्हां, ताई, दुपारची निजानीज साधूं नका. सासूबाईंना आधीं सांगा. पातेलें, सुरी व चाळणी निराळी ठेवा. मोहरी मात्र दुप्पट कालवा आणि अंड्याचा हात लागण्यापूर्वींच निम्मी काढून घ्या. लहान बटाटे उकडून, अर्धे करून, थोडे कोरा. चक्क्यांत ती मोहरी, मीठ व कोरलेला गर घोटून त्या वाट्या भरा. हें ताट त्यांच्यासाठीं, आणि सहभोजनांत अंडें न खाणारे कोणी असतील त्यांच्यासाठींही. मोहरी फेसण्याचें काम सासूबाईंनाच सांगितलेंत, तर आणखी उत्तम. परक्या मुलखांत त्यांना कोणी काम सांगत नाहीं, हेंच पुष्कळदां त्यांचें दुःख असतें.

सोवळें कोणी किती पाळावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. त्याबद्दल मीं बोलण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु आपण ज्यांना फसवितों त्यांना आपण दूर लोटतों, एवढें मात्र मीं त्या एका टरफलापासून शिकलें.