गाणे ऐकले, शब्द ऐकले का?

१४ एप्रिल जवळ आला की नायगाव, डिलाईल रोड, वरळीच्या चाळींतून भीमगीते घुमू लागतात. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीच्या वाटेवरही गाणी असतात, पण ती ऐकताना डोळे भरून येतात. ही गाणी आपल्याला तोंडपाठ आहेत. पण तोंडपाठ असणे वेगळे आणि मनात उतरणे वेगळे. म्हणूनच हा विषय आम्ही आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

गाण्याचा 'आध्यात्मिक' अर्थ म्हटले की आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडते. ते रास्तच आहे. आत्मा-परमात्म्याचा शोध आपल्याला नको. पण बुद्धांनी मनाला महत्त्व दिले; धम्मपदाची सुरुवातच मनापासून होते. तेव्हा गाण्यात शोधायचे ते आपल्या मनाचे प्रतिबिंब.

महाकवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांचेच पाहा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीहून ते मुंबईत आले, कष्टाची कामे केली. एकदा कुणी पत्र वाचायला दिले आणि ते वाचता आले नाही. त्या शरमेतून त्यांनी मोठेपणी अक्षरे गिरवली. पुढे त्याच हातांनी हजारो गाणी लिहिली. त्यांच्या गाण्यांत आपण बाबासाहेबांचा गौरव ऐकतो. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे: ज्याला गावाने माणूस मानले नाही, तो स्वतःला माणूस मानू लागला. अपमान गिळून जगणाऱ्या मनाला यापेक्षा मोठा आधार कोणता?

मात्र गाण्यावर सगळा भार टाकू नये, हेही आम्हांला सांगायचे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचा बळी गेला. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाची सुरुवात याच घटनेतून झाली. अशा मृत्यूला एकच कारण नसते. पण लोकांचे दुःख गाणारा माणूसही आतून एकटा पडू शकतो. आपण गाण्याला टाळ्या देतो; गाणाऱ्याला 'कसे आहात?' असे कितीदा विचारतो?

आज डीजेच्या भिंतीपुढे छाती धडधडते, पण शब्द ऐकू येत नाहीत. म्हणून आमची एक सूचना आहे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर एकच गाणे लावा, तेही हळू आवाजात. मग प्रत्येकाने सांगावे: कोणत्या ओळीला गळा दाटला? राग कुठे आला? बळ कुठे मिळाले? सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली वेदना जशी उठली तशी पाहणे ही धम्मातलीच शिकवण आहे. एखादी आजी नवऱ्याच्या बंद पडलेल्या गिरणीबद्दल बोलेल, एखादा मुलगा नोकरीच्या मुलाखतीत विचारलेल्या आडनावाबद्दल. कुणालाही मध्येच तोडू नका, उपदेश करू नका. एरवी तोंडातून न निघणारे दुःख गाण्याच्या निमित्ताने बाहेर पडते.

पण एखाद्याला दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, आवडते गाणेही नकोसे झाले आहे, दारू वाढली आहे, तर केवळ गाण्यावर किंवा वंदनेवर थांबू नका. परळच्या केईएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. कुणी 'जगावेसे वाटत नाही' म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी मदत मिळवून द्या.

ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातो. मन आजारी पडले तरी जावे. त्यात लाज कसली? लाज सोडायला तर आपल्या गाण्यांनीच शिकवले आहे.

जयभीम!