चहा कोणाच्या हातचा?

यंदाच्या दिवाळीत आमच्या घरात एका वाक्यावरून वाद झाला. धाकटा भाऊ बारावीला आहे. त्याने जाहीर केले, की आपण हॉटेल मॅनेजमेंटला जाणार. आई हसली. वडील मात्र जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "लेका, आपल्या हातचं खाणार कोण? पोलीस भरतीचं बघ."

वडिलांना जुन्या वळणाचे म्हणण्याची घाई मी करणार नाही. त्यांनी गावातल्या कितीतरी लग्नांत चुलाणासाठी लाकडे फोडली, मांडव घातले, हलगी वाजविली. चुलाणाजवळ मात्र कधी गेले नाहीत. जाऊ नको असे कोणी सांगितले नाही. सांगावे लागत नाही.

शिवाय आमच्या चुलत भावाचे उदाहरण घरात ताजे आहे. दादा आय.टी.आय.मधून फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा कोर्स करून पुण्याला गेला. एका बऱ्यापैकी हॉटेलात नोकरी लागली. मुलाखतीत कांदा कसा चिरतोस, हे कोणी विचारले नाही. पूर्ण नाव विचारले, गाव विचारले आणि गावात घर कोणत्या बाजूला, हेही विचारले. नेमणूक झाली स्टुअर्डिंगमध्ये, म्हणजे भांडी घासण्याच्या खात्यात. सुरुवात सगळ्यांची येथूनच होते, असे त्याला सांगण्यात आले, आणि ते काही अंशी खरेही आहे. परंतु त्याच्याबरोबर लागलेली दोन मुले तीन महिन्यांत भाजीच्या टेबलावर गेली. दादा दीड वर्ष भांड्यांतच राहिला. शेवटी सोडून आला. आता तो अंडाभुर्जीची गाडी लावतो. गाडीवर त्याचे नाव नाही, एका देवाचे आहे. मी विचारले तर म्हणाला, "नाव कशाला पायजे? भुर्जी चांगली हाय, तेवढं बास."

मित्रहो, आपल्या भागातल्या पाट्या एकदा लक्ष देऊन वाचा. मराठा खानावळ, लिंगायत खानावळ, ब्राह्मणी पद्धतीचे घरगुती जेवण. जात येथे चवीची हमी म्हणून रंगविलेली असते. ज्यांची जात हमी ठरत नाही, त्यांच्या गाडीवर देव येतो! शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांचे खाणे नीट मांडून ठेवले आहे. पुस्तक वाचणारे पुष्कळ भेटतात. त्या नावाची खानावळ मी अजून पाहिलेली नाही.

अल्पसंख्य समाजांचेही असेच आहे. २०२४ च्या जुलैत उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या वाटेवरील खाणावळवाल्यांनी मालकांची नावे ठळक लावावीत, असे फर्मान निघाले. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यास अंतरिम स्थगिती दिली. नाव दाखवा म्हटल्याने कोणाचा गल्ला रिकामा होतो, हे फर्मान काढणारांना ठाऊक नसेल काय?

शिकलेले लोक असे करीत नाहीत, असे आमच्या वर्गातला एक मित्र म्हणतो. त्याला मी पुण्याची हकीकत सांगितली. २०१७ साली तेथील एका उच्चशिक्षित शास्त्रज्ञ बाईंनी स्वयंपाकीणबाईविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. तक्रार अशी, की तिने ब्राह्मण असल्याचे खोटे सांगून घरात स्वयंपाक केला. स्वयंपाक बिघडला होता, असे कोणी म्हटले नव्हते. २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात एका शाळेतल्या मुलांनी दलित बाईच्या हातचे माध्यान्ह भोजन नाकारले. ती मुले आपल्या धाकट्या भावंडांच्या वयाची.

कायदा नाही असे नाही. १९१७ साली बडोद्यात नोकरीस आलेल्या आंबेडकरांना पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. त्याच आंबेडकरांच्या संविधानात पंधराव्या कलमात हॉटेले आणि उपाहारगृहे यांचा शब्दशः उल्लेख आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानेही हॉटेलात प्रवेश नाकारणे आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाच्या धंद्या-नोकरीत आडवे येणे हा गुन्हा ठरविला. त्यामुळे पुढच्या दाराने आत जाऊन आपण चहा पिऊ शकतो. चहा करणारा आपला असला, तर गिऱ्हाईकाने तो प्यावा, असा कायदा कोणालाच करता येणार नाही. आमच्या वडिलांचे वाक्य नेमके त्या ठिकाणी येऊन थांबते.

आणि म्हणूनच मला गंगाराम कांबळे यांची गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटते. कोल्हापूरकरांना ती ठाऊक आहे. पण आपण ती राजर्षींच्या मोठेपणाची म्हणून ऐकतो, धंद्याची म्हणून ऐकत नाही. गंगाराम राजवाड्याच्या पागेत नोकर होते. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मार बसला. शाहू महाराजांनी मारणाराला शिक्षा केली. एवढ्यावर प्रकरण मिटले असते. परंतु महाराजांनी गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढावयास सांगितले. भाऊसिंगजी रोडवर गंगारामांनी चहाचे हॉटेल घातले, नाव ठेवले 'सत्यसुधारक'. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, आणि गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजांची गाडी तेथे थांबू लागली. ते भर रस्त्यात चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या थोरामोठ्यांनाही पाजीत. महाराजांसमोर नको म्हणण्याची सोय कोणाला होती!

१९०२ साली नोकऱ्यांत ५० टक्के राखीव जागांचा हुकूम काढणाऱ्या राजाला हुकमाची ताकद चांगली ठाऊक होती. येथे मात्र हुकूम पुरणार नव्हता. येथे गिऱ्हाईक हवे होते, तेही सर्वांना दिसेल असे.

आज आपण निम्मी गोष्ट केली आहे. मुंबईत दादरची हॉटेल मॅनेजमेंटची संस्था १९५४ पासून चालू आहे. अशा केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींना १५, जमातींना साडेसात आणि इतर मागासांना २७ टक्के जागा राखीव आहेत. त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण प्रवेश परीक्षा इंग्रजी आणि हिंदीत, मराठीत नाही. तीन वर्षांची फी काही लाखांवर जाते. शिष्यवृत्ती आहे, ती येते तेव्हा येते; सुऱ्यांचा संच, पांढरा कोट आणि काळे बूट पहिल्या आठवड्यातच लागतात. मधले काही महिने हॉटेलात प्रत्यक्ष काम करावे लागते, त्या काळात परगावी राहण्याचा खर्च वेगळा. घरात कोणी काट्याचमच्याने जेवलेले नसते, त्याची लाज वेगळी. आणि हे सारे पार करून मुलगा खासगी हॉटेलाच्या दाराशी गेला, की तेथे राखीव जागा नाही. तेथे पूर्ण नाव विचारतात.

गुणवत्ता पाहा, जात पाहू नका, असे म्हणणारे भेटतात. मला ते मान्य आहे. मग मुलाखतीत कांदा चिरायला द्या! भांड्यांवरून भाजीवर आणि भाजीवरून शेगडीवर कोण किती दिवसांत गेला, याची वही प्रत्येक हॉटेलाने ठेवावी आणि शिकाऊ मुले पाठविणाऱ्या संस्थांनी ती मागावी. संस्थेने मुलाला पाठवून हात झटकू नयेत.

आणि गिऱ्हाईकाचे काय? वसतिगृहांच्या खाणावळी, सरकारी विश्रामगृहे, रुग्णालयांची उपाहारगृहे, कॉलेजांची कँटीन, येथे रोज हजारो ताटे वाढली जातात. त्यांची कंत्राटे कोणीतरी देतच असते. रेल्वेच्या फलाटावरील स्टॉलच्या वाटपात मागासवर्गीयांसाठी हिस्सा राखलेला आहे. मग आपल्या कॉलेजच्या कँटीनमध्ये का नसावा? स्नेहसंमेलनाच्या जेवणासाठी आम्ही विद्यार्थी दरवर्षी वर्गणी काढतो. स्वयंपाक कोणाला द्यायचा, हे ठरविणारी समिती आमचीच असते. पुढच्या वर्षी मी समितीत असेन. दादाचे नाव सुचविणार आहे, भुर्जीसकट. फुकटची मेहेरबानी नको. दर इतरांइतका, चव पाहून. मात्र पाटीवर त्याचे पूर्ण नाव लिहायचे, एवढी माझी अट राहील. दादाला ती अट अजून सांगितलेली नाही. तो चिडेल, असे वाटते.

भावाने पसंतीक्रमात मुंबई पहिली लिहायचे ठरविले आहे. आईने त्याला सुट्टीत रोज एक वेळचा स्वयंपाक लावून दिला आहे, आणि वडील काही न बोलता जेवतात. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. त्यासाठी तहसील कचेरीत जायचे मात्र त्यांनी अजून कबूल केलेले नाही.