मिग-२१ची जीटी

जीटी म्हणजे काय, हे आपल्या हॉस्टेलमध्ये कुणाला सांगायची गरज नाही. दोन खुर्च्यांवर काच, काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर सीनियरची शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट. रात्री दोनपर्यंत ड्रॉइंग तयार, सकाळी सबमिशन. त्या कपलिंगला तिथेच रेघ का आहे हे काढणारीला माहीत नसतं आणि तपासणारे सरही (माफ करा सर) फारसं विचारत नाहीत.

प्लॅस्टिकची विमानं जोडण्याचा छंदही बहुतेक वेळा जीटीच असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मी बाहेरून बोलत नाही. माझ्या कपाटात पुस्तकांपेक्षा खोकी जास्त आहेत हे आमच्या मजल्यावर सर्वांना ठाऊक आहे. खोक्यात नंबर घातलेले भाग असतात, सोबत चित्रांचा कागद असतो. पाच नंबर सहाला चिकटवा, वर खोक्यावरच्या चित्रासारखा रंग द्या, झालं विमान. परीक्षेनंतर डोकं शांत करायला हे छानच आहे. पण घरी पाहुणे आले की आई ते मॉडेल दाखवून "आमची इंजिनीअर" म्हणते, ते काही मला पटत नाही. इंजिनीअरिंग तिथे सुरू होतं, जिथे त्या कागदावरचा विश्वास उडतो.

उदाहरण मिग-२१चंच घेते, कारण ते विमान आपल्या घरचं आहे. १९६३ साली ते हवाई दलात आलं. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना उभा राहिला आणि पुढे तिथून सहाशेहून जास्त मिग बाहेर पडले. सांगाडा ओझरचा, इंजिन ओडिशातल्या कोरापुटचं, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादचं. आधी एफएल, म्हणजे हवाई दलाच्या भाषेत टाइप ७७. मग १९७३ पासून एम, म्हणजे टाइप ९६. त्यानंतर बिस. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला या विमानाला निरोप दिला गेला.

आता दुकानात जे किट सहज मिळतं ते असतं एमएफ, आणि त्यावर लाल तारा. तारा काढून तिरंगी चक्र लावलं की झालं भारतीय विमान, अशी समजूत असते. एमएफवरून आपलं ९६ करायचं असेल तर ते बऱ्यापैकी खपून जातं, कारण दोघांत मुख्य फरक इंजिनाचा, आणि तो आत. पण ७७ करायचं असेल तर नुसता तारा बदलून भागत नाही. ७७ची काच पुढच्या बाजूला बिजागरी असलेली, ती अख्खी पुढे उघडते. ९६ची बाजूला उघडते. ७७च्या पंखाखाली दोनच पायलॉन, ९६ला चार. ७७ची पाठ सडपातळ, ९६ची फुगीर. आणि नाकावरची ती लांब पिटो नळी ७७ला मधोमध, ९६ला उजवीकडे सरकलेली. शिवाय ७७ला आत तोफच नव्हती. क्षेपणास्त्रांचा जमाना आला, आता तोफ कशाला, असा तेव्हाचा विचार. मग पोटाखाली २३ मिलिमीटरच्या तोफेचं गाठोडं बांधावं लागलं, आणि १९७१च्या युद्धात ते कामाला आलं. म्हणजे मॉडेलच्या पोटाखाली आपण जो फुगवटा चिकटवतो तो शोभेचा नाही. कुणाचा तरी अंदाज चुकला आणि कुणीतरी तो निस्तरला, त्याची ती खूण आहे.

माझी रूममेट नाशिकची. तिचे आजोबा ओझरला फिटर होते. गेल्या वर्षी तिला सोडायला आले तेव्हा व्हिजिटर्स रूममध्ये मी माझं मिग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा वर केला, नाकाकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "शहाण्णव आहे." रंग नाही, चक्र नाही, नुसती नळी. मग पंखाची मागची कड अंगठ्याने चाचपून म्हणाले, "पोरी, ही फार जाड ठेवलीय त्यांनी." त्यांनी म्हणजे किटवाल्यांनी. मी म्हटलं, "आजोबा, घासून बारीक करू का?" तर म्हणाले, "आतून घास. बाहेरून घासलंस तर आकार जाईल."

खोलीवर येऊन व्हर्नियर लावला. कड भरली अर्धा मिलिमीटर. एकास बहात्तर प्रमाणात म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटर! मिगच्या पंखाची मागची कड दीड इंच जाड असती तर ते विमान आवाजाच्या दुप्पट वेगाने गेलंच नसतं. हा साधा गुणाकार त्या कागदावर कुठेही नाही.

तसाच प्रकार पॅनेल लाइन्सचा. मॉडेलवाल्यांत फॅशन आहे की पत्र्याच्या प्रत्येक सांध्यात काळा रंग भरायचा, म्हणजे मॉडेल "रिअलिस्टिक" दिसतं. किटवर ही रेघ ०.२ मिलिमीटर रुंद धरा. बहात्तरने गुणा. साडेचौदा मिलिमीटर झाले, म्हणजे बोट जाईल एवढी फट. ज्यांना पटत नाही त्यांनी एका रविवारी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जावं. तिथे आवारात मरुत उभं आहे. कुर्ट टांक यांनी बंगळूरला बनवलेलं, १९६१ साली पहिल्यांदा उडालेलं आपलं पहिलं जेट लढाऊ विमान. चार पावलं मागे सरका आणि किती सांधे दिसतात ते मोजा. मग घरी येऊन काळ्या रंगाची बाटली बंद करा.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पंखाचं माप. मिग-२१च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, बहात्तराव्या प्रमाणात जेमतेम १० सेंटिमीटर. मधलं धड वजा केलं तर एका बाजूला उरतो फक्त ४ सेंटिमीटरचा त्रिकोण. खऱ्या विमानाचं पंखांचं क्षेत्रफळ २३ चौरस मीटर, म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या साधारण दोन खोल्या. त्यावर आठ टनांच्या पुढचं वजन. आपल्या गच्चीवरून घाटकोपरच्या डोंगरावरून उतरणारी विमानं पाहा, पंख कसे पसरून, फ्लॅप्स खाली सोडून येतात. मिगला तो चैनीचा पंख नाही. म्हणून ते धावपट्टीकडे येतं तेच ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. एवढ्या वेगात नवख्या मुलाला विचार करायला वेळ किती मिळणार?

'रंग दे बसंती' (२००६) कॉमन रूममध्ये लागला की सगळ्या मुली रडतात. पण फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगढला मिग-२१च्या अपघातात गेले, आणि त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी त्यानंतर किती वर्षं प्रश्न विचारले, हे आपल्यापैकी कितीजणींना माहीत आहे? नवे पायलट किरणसारख्या हळू विमानावरून उठून मिगवर जात. मधल्या पायरीचं प्रशिक्षण विमान हवं ही मागणी १९८०च्या दशकातली, आणि हॉक आलं २००८ साली. "उडती शवपेटी" म्हणून मोकळं होणं सोपं आहे. तो ४ सेंटिमीटरचा त्रिकोण चिमटीत धरून पाहिला की कळतं, विमान वाईट नव्हतं, ते माफ करणारं नव्हतं. आणि आपण मुलांना थेट त्याच्यावर बसवलं.

काहीजण म्हणतील, आता सुधारणाही तयार मिळतात. धातूचे कोरीव भाग, रेझिनची सीट, सगळं पाकिटात. मिळतात, पण लॅमिंग्टन रोडवरून तयार प्रोजेक्ट आणण्यासारखंच ते झालं. किटच्या पैशातच मेसचा अर्धा महिना निघतो, वर पाकिटं कोण घेणार! त्यात कॉकपिट तर काच बंद केली की कुणाला दिसतही नाही. मी आधी बाह्यरेषा बरोबर करते, आतलं मागाहून. पिटो नळी इंजेक्शनच्या सुयांची, जाड सुईत बारीक सुई (मेडिकलवाले काका हॉस्टेलच्या मुलीकडे कसे पाहतात ते विचारू नका). सांधे घासायला नखांचा बफर, तो मुलांकडे नसतो म्हणून त्यांच्या मॉडेलचे सांधे दिसतात. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र चुकूनही लावू नका, त्यातलं असिटोन प्लॅस्टिक खातं. नाकात वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून आणलेलं जाळ्याचं शिसं, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. किती ग्रॅम, ते पहिल्या सेमच्या मेकॅनिक्समधला मोमेंटचा प्रश्न सोडवून काढा, मागची चाकं हा टेकू धरून.

तेव्हा एचओडी सरांना माझी विनंती अशी. ड्रॉइंगच्या टर्मवर्कमधली एक शीट, फक्त एक, बदलावी. कुठल्याही वस्तूचं तयार ड्रॉइंग किंवा मॉडेल घ्यायचं, खरी वस्तू मोजायची आणि दोघांत कुठे, किती फरक आहे आणि का आहे ते त्या शीटवर लिहायचं. वर्कशॉपमधलं लेथ चालेल, मेसचा कुकर चालेल, मिग तर चालेलच. व्हायवाला "का" एवढंच विचारावं. अशी शीट सीनियरकडून मिळेलही, पण तिची जीटी मारून उपयोग नाही, कारण कुकर वेगळा असेल.

रूममेटचे आजोबा दिवाळीनंतर पुन्हा येणार आहेत. या वेळी मी एमएफचं ७७ करायला घेतलं आहे. पाठ तासून झाली, पायलॉन काढले, काचेचं काम बाकी आहे. ओझरच्या जिगविषयी त्यांना ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी प्रश्न माझ्याकडे लिहून द्यावेत. ते फार वेळ बसत नाहीत, नाशिकची गाडी असते.